‘अ‍ॅबॉलिशन’ आणि ‘अ‍ॅनिहिलेशन’ : कायद्याने काय संपवले आणि आपण काय संपवायचे आहे?

एप्रिल महिना आला की आपल्या तरुणांच्या पोस्ट, बॅनर आणि भाषणांतून एक इंग्रजी वाक्य हमखास फिरते : ‘आर्टिकल सेव्हन्टीन अ‍ॅबॉलिश्ड कास्ट’. म्हणजे संविधानाच्या कलम १७ ने जात नष्ट केली. वाक्य अभिमानाने लिहिलेले असते, लिहिणाऱ्याची भावना प्रामाणिक असते. पण वाक्य चुकीचे आहे. आणि ही चूक केवळ व्याकरणाची किंवा परीक्षेतल्या एका गुणाची नाही. आपण अभिमानाने लिहिलेले हेच वाक्य उचलून समोरचा विचारतो, “जात तर संविधानानेच संपवली. मग तुम्हाला आरक्षण कशाला हवे? अ‍ॅट्रॉसिटी कायदा कशाला हवा? तुम्हीच का सारखी जात काढता?” आपल्या हातातले वाक्य आपल्यावरच उलटते आणि आपला कार्यकर्ता क्षणभर गोंधळतो.

हा गोंधळ दूर करायचा असेल तर दोन इंग्रजी शब्द नीट समजून घ्यावे लागतील. एक आहे ‘अ‍ॅबॉलिशन’. तो संविधानाच्या कलम १७ च्या शीर्षकात आहे. दुसरा आहे ‘अ‍ॅनिहिलेशन’. तो बाबासाहेबांच्या १९३६ च्या जगप्रसिद्ध ग्रंथाच्या नावात आहे. दोन्ही शब्द आपल्या चळवळीच्या केंद्रस्थानी आहेत, पण त्यांचा अर्थ एक नाही, वापर एक नाही आणि ते काम करणारेही एक नाहीत.

गोंधळ कुठून सुरू होतो?

पहिले कारण आपल्या भाषेत आहे. मराठीत या दोन्ही शब्दांसाठी आपण सहज ‘नष्ट करणे’ म्हणतो. संविधानाच्या मराठी आवृत्तीत कलम १७ साठी ‘नष्ट करणे’ हेच क्रियापद येते. बाबासाहेबांच्या ग्रंथाबद्दल बोलतानाही आपण ‘जात नष्ट करण्याचा मार्ग सांगणारा ग्रंथ’ असेच म्हणतो. त्या ग्रंथाच्या नावासाठी मराठीत निर्मूलन, विध्वंसन, उच्छेद असे वेगवेगळे शब्द वापरले गेले, तरी बोलण्यात शेवटी ‘नष्ट’ हाच उरतो. त्यामुळे मराठीतून इंग्रजीत जाताना आपण हाताला लागेल तो शब्द उचलतो.

दुसरे कारण म्हणजे आपण दोन्ही मजकूर मुळातून कमी वाचतो. कलम १७ अवघ्या दोन वाक्यांचे आहे, तरी ते पूर्ण वाचलेले तरुण थोडे. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे एका भाषणाएवढे पुस्तक, पण बहुतेकांना ते मुखपृष्ठावरूनच माहीत असते.

‘अ‍ॅबॉलिश’ म्हणजे काय?

‘अ‍ॅबॉलिश’ हे अधिकाराचे क्रियापद आहे. ज्याच्या हातात अधिकार आहे तो एखादी प्रथा, पद्धत, पद, कर, हक्क किंवा व्यवस्था अधिकृतपणे बंद करतो, तेव्हा हा शब्द वापरतात. म्हणून तो कायद्यांच्या नावांत वारंवार दिसतो. वेठबिगारीविरुद्धचा १९७६ चा केंद्रीय कायदा ‘बाँडेड लेबर सिस्टिम (अ‍ॅबॉलिशन) अ‍ॅक्ट’ या नावाचा आहे. महाराष्ट्राचा देवदासी प्रथेविरुद्धचा २००५ चा कायदाही ‘अ‍ॅबॉलिशन’चाच आहे. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने बंद झाले, त्यालाही ‘अ‍ॅबॉलिशन’च म्हणतात. संविधानाच्या कलम १८ चे शीर्षक पाहा. तिथे किताब ‘अ‍ॅबॉलिश’ केलेले आहेत.

आपल्या अगदी जवळचे उदाहरण महार वतनाचे. वतनाच्या नावाखाली आपल्या पूर्वजांना सरकारचे आणि गावाचे पडेल ते काम रात्रंदिवस करावे लागे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते त्यांना पुढे मागे घ्यावे लागले. अखेर मुंबई राज्याने १९५८ साली कनिष्ठ गावकी वतने बंद करणारा कायदा केला. त्याच्याही नावात ‘अ‍ॅबॉलिशन’ आहे. त्या कायद्याने वतन संपले. पण बाबासाहेब ते पाहायला नव्हते. आणि वतन संपले म्हणून गावातल्या माणसाच्या मनातली ‘यांनी हे काम केलेच पाहिजे’ ही अपेक्षा त्या तारखेला संपली का? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते सांगतील.

यावरून ‘अ‍ॅबॉलिश’ची तीन वैशिष्ट्ये लक्षात येतात. त्याला अधिकार लागतो. त्याला तारीख असते, म्हणजे अमुक दिवसापासून ही गोष्ट कायद्याने उरली नाही असे सांगता येते. आणि ते बाहेरच्या व्यवस्थेला लागू होते, मनाला नाही. एखादा कायदा मागे घेतला तर त्यासाठी इंग्रजीत ‘रिपील’ हा वेगळा शब्द आहे. प्रथा ‘अ‍ॅबॉलिश’ होते, कायदा ‘रिपील’ होतो.

‘अ‍ॅनिहिलेट’ म्हणजे काय?

‘अ‍ॅनिहिलेट’ या शब्दाच्या पोटात लॅटिनमधला ‘निहिल’ आहे. ‘निहिल’ म्हणजे काहीही नाही. एखादी गोष्ट ‘काही नाही’ होईपर्यंत नेणे, तिचा मागमूस उरू न देणे, म्हणजे ‘अ‍ॅनिहिलेट’ करणे. मराठीत आपण ‘अ‍ॅनिहिलेशन’ असे लिहितो आणि बोलतो, पण इंग्रजी उच्चारात मधला ‘एच’ ऐकू येत नाही. तो साधारण ‘अ‍ॅनायलेशन’ असा होतो. मुलाखतीत किंवा इंग्रजी भाषणात हा शब्द वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

हा शब्द कायद्याच्या भाषेत आढळत नाही. सरकार राजपत्रात सूचना काढून कशाचे ‘अ‍ॅनिहिलेशन’ करत नाही. तो शब्द युद्धाच्या वर्णनात येतो, सैन्याचा पूर्ण नायनाट झाला असे सांगताना. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तो भौतिकशास्त्रातून माहीत असतो. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांना भिडले की दोन्ही कण नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी गॅमा किरणांच्या रूपाने ऊर्जा बाहेर पडते. त्या प्रक्रियेचे नाव ‘अ‍ॅनिहिलेशन’ आहे.

म्हणजे फरक असा की ‘अ‍ॅबॉलिश’ केलेली गोष्ट कायद्यात उरत नाही. ‘अ‍ॅनिहिलेट’ केलेली गोष्ट कुठेच उरत नाही, कागदावर नाही, गावात नाही आणि मनातही नाही.

एक खुलासा प्रामाणिकपणे करायला हवा. हे दोन शब्द एकमेकांपासून भिंत घालून वेगळे केलेले नाहीत. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’च्या आतल्या पानांत बाबासाहेबांनी जातीच्या संदर्भात ‘अ‍ॅबॉलिश’ हा शब्दही वापरला आहे. त्यामुळे ‘अ‍ॅबॉलिशन ऑफ कास्ट’ असे कुणी लिहिले तर ते अशुद्ध इंग्रजी ठरत नाही, फक्त ते ग्रंथाचे नाव नाही. पण ग्रंथाच्या मुखपृष्ठावर जो शब्द आहे तो अधिक टोकाचा, अधिक खोल जाणारा आहे, आणि पूर्ण ग्रंथाचा युक्तिवाद त्या शब्दाला साजेसा आहे.

कलम १७ नेमके काय सांगते?

संविधान सभेने हे कलम २९ नोव्हेंबर १९४८ रोजी स्वीकारले. मसुद्यात ते अकरावे कलम होते. त्यात तीन गोष्टी आहेत. एक, अस्पृश्यता ‘अ‍ॅबॉलिश’ केली आहे. दोन, तिचे कोणत्याही स्वरूपातले आचरण निषिद्ध आहे. तीन, अस्पृश्यतेतून निर्माण होणारी कोणतीही निःसमर्थता कुणावर लादणे हा कायद्याने शिक्षापात्र गुन्हा आहे.

आता पाहा, यात ‘जात’ हा शब्द कुठेच नाही. संविधानाने जात हा शब्द वापरला तो कलम १५ आणि १६ मध्ये, जातीच्या कारणावरून भेदभाव करू नये असे सांगताना. म्हणजे संविधानाने जातीवर आधारलेला भेदभाव निषिद्ध केला आणि अस्पृश्यता बंद केली. ‘जात बंद केली’ असे वाक्य संविधानात नाही.

अस्पृश्यतेची व्याख्याही संविधानात नाही. उलट इंग्रजी मजकुरात हा शब्द अवतरण चिन्हांत घातलेला आहे. म्हैसूर उच्च न्यायालयाने एका निकालात या अवतरण चिन्हांचा अर्थ उलगडला. केवळ शब्दशः ‘न शिवणे’ एवढा अर्थ इथे नाही, तर या देशाच्या इतिहासात जी प्रथा वाढत गेली ती इथे अभिप्रेत आहे, असा त्याचा आशय होता. साथीच्या रोगामुळे कुणाला वेगळे ठेवले तर ती कलम १७ मधली अस्पृश्यता नव्हे.

‘अ‍ॅबॉलिश’ केल्यावर अंमलबजावणीसाठी कायदे लागतात. १९५५ साली अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम आला. १९७६ साली त्यात दुरुस्ती होऊन त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. तो पुरत नाही हे दिसल्यावर १९८९ चा अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम आला, तोच आपला अ‍ॅट्रॉसिटी कायदा. २०१५ साली त्यातली गुन्ह्यांची यादी वाढवण्यात आली. महाराष्ट्राने जात पंचायतींच्या जाचाविरुद्ध सामाजिक बहिष्काराला आळा घालणारा कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे.

एकाच गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा कायदे का करावे लागले? कारण कायदा कृती पकडतो. पाणी नाकारले, देवळात अडवले, चारचौघांत जातीवरून अपमान केला, जमीन बळकावली, तर कायदा हात घालू शकतो. कृतीमागची भावना तो उपटून काढू शकत नाही. ती भावना नवी कृती शोधते आणि कायद्याला पुन्हा तिच्या मागे धावावे लागते.

अगदी अलीकडचे उदाहरण घ्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातीवर आधारित कामवाटपाविरुद्ध निकाल दिला. काही राज्यांच्या तुरुंग नियमावलीत सफाईचे काम विशिष्ट जातींच्या कैद्यांनी आणि स्वयंपाकाचे काम दुसऱ्या विशिष्ट जातींच्या कैद्यांनी करावे अशा तरतुदी होत्या. न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरवल्या. संविधान लागू होऊन ७४ वर्षे झाल्यावरही सरकारच्याच नियमपुस्तकात जात शिल्लक होती.

आणि खैरलांजी आपण विसरू शकत नाही. २००६ साली धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवाची तयारी चालू असताना, २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यात भोतमांगे या बौद्ध कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ साली सत्र न्यायालयाने आरोपींना खुनाबद्दल दोषी ठरवले, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा सिद्ध झाल्याचे मानले नाही. सारा समाज ज्याला जातीचा गुन्हा म्हणून ओळखत होता, तो कायद्याच्या कागदावर जातीचा गुन्हा ठरला नाही.

लाहोरला न झालेले भाषण

आता दुसऱ्या शब्दाकडे वळू. लाहोरला जात-पात तोडक मंडळ नावाची सुधारकांची संस्था होती. तिने १९३६ च्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांना देऊ केले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला, हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा त्यांनी आधीच केलेली होती. बाबासाहेबांनी अध्यक्षीय भाषण लिहून छापायला घेतले. मंडळाच्या लोकांनी ते वाचले आणि ते अस्वस्थ झाले. वेदांवर आणि शास्त्रांवर केलेली टीका त्यांना नको होती. काही भाग गाळावा असे त्यांनी सुचवले. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली आणि ते भाषण बाबासाहेबांनी मे १९३६ मध्ये स्वतः प्रसिद्ध केले. १५०० प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली.

या प्रसंगात एक गंमत आहे. त्या मंडळाच्या नावातच ‘तोडक’ होते. जात तोडायची त्यांचीही इच्छा होती. मग वाद कशाचा? वाद होता तो किती खोल जायचे याचा. जातीची भिंत पाडायला मंडळ तयार होते, भिंतीखालच्या पायाला हात लावायला तयार नव्हते.

बाबासाहेबांनी त्या भाषणात एकेक उपाय तपासला. आधी पोटजाती मोडाव्यात, हा उपाय त्यांनी नाकारला. सहभोजनाने बंध सैल होतात, पण जात जात नाही, असे त्यांनी दाखवले. आंतरजातीय विवाह हा खरा उपाय असे ते म्हणाले. पण लगेच पुढचा प्रश्न विचारला : लोक असा विवाह का करत नाहीत? कारण जात हा विटांच्या भिंतीसारखा बाहेरचा अडथळा नाही. ती एक कल्पना आहे, मनाची अवस्था आहे. शास्त्रांनी पवित्र ठरवले म्हणून लोक ती पाळतात. म्हणून शास्त्रांच्या पावित्र्यावरचा विश्वास संपला पाहिजे.

आता शब्दाची निवड किती अचूक आहे ते कळते. मनाची अवस्था ‘अ‍ॅबॉलिश’ कशी करणार? त्यासाठी कोणते सरकार सूचना काढणार? मनातली गोष्ट मनातच शून्य व्हावी लागते. त्याच भाषणात, हिंदूंमधली पुरोहितशाही बंद करता आली तर उत्तम, आणि ते जमत नसेल तर निदान ती वंशपरंपरागत तरी राहू नये, सरकारी परीक्षेवर आणि सनदेवर चालावी, असेही ते सांगतात. म्हणजे व्यवस्थेसाठी कायदा आणि मनासाठी विचारक्रांती, अशी दोन्ही कामे त्यांच्यासमोर स्पष्ट होती.

पुढे संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी हाच इशारा वेगळ्या शब्दांत दिला. २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात आपण समान असू, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, आणि हा अंतर्विरोध लवकर मिटवला नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल, असा त्याचा आशय होता. संविधानाच्या शिल्पकाराला कायद्याची मर्यादा आपल्यापेक्षा चांगली ठाऊक होती.

अमेरिकेने काय शिकवले?

‘अ‍ॅबॉलिशन’ या शब्दाला जगात वजन आले ते गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यातून. गुलामगिरी बंद करा म्हणणाऱ्यांना ‘अ‍ॅबॉलिशनिस्ट’ म्हणत. अमेरिकेत १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली. त्या लढ्याचे महत्त्व इथे ओळखले ते महात्मा जोतीराव फुल्यांनी. १८७३ चा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला.

पण गुलामगिरी बंद होताच दक्षिणेकडच्या राज्यांनी कृष्णवर्णीयांना जखडणारे नवे कायदे केले. शाळा वेगळ्या, रेल्वेचे डबे वेगळे, पाण्याचे नळ वेगळे. १८६५ च्या ‘अ‍ॅबॉलिशन’नंतर नागरी हक्क कायदा यायला १९६४ उजाडले, म्हणजे ९९ वर्षे लागली. डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात ‘अ‍ॅबॉलिशन डेमोक्रसी’ ही कल्पना मांडली. गुलामगिरी बंद केली एवढ्याने भागत नाही, मुक्त झालेल्यांना शिक्षण, जमीन आणि मत मिळेल अशा नव्या संस्था उभ्या कराव्या लागतात, असा तो विचार आहे. याच दु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते, हे आपल्या तरुणांना माहीत असावे.

बुद्ध आणि ‘अ‍ॅनिहिलेशन’

बौद्ध म्हणून या शब्दाशी आपले आणखी एक नाते आहे. पाली साहित्यातल्या ‘उच्छेदवाद’ या शब्दाचे इंग्रजी भाषांतर ‘अ‍ॅनिहिलेशनिझम’ असे करतात. आत्मा नाकारतात म्हणून तथागतांवर त्यांच्या विरोधकांनी उच्छेदवादी असल्याचा आरोप केला होता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही पुनर्जन्माची चर्चा करताना बाबासाहेबांनी हा आरोप विचारात घेतला आहे.

तथागतांनी या आरोपाला दिलेले एक उत्तर अंगुत्तर निकायात आहे. वेरंजा येथील ब्राह्मणाशी आणि वैशालीच्या सिंह सेनापतीशी झालेल्या संवादांत ते येते. त्याचा आशय असा : एका अर्थाने मला उच्छेदवादी म्हणणे बरोबर आहे, कारण मी राग, द्वेष आणि मोह यांचा उच्छेद शिकवतो. म्हणजे उच्छेद करायचा तो माणसाचा नाही, माणसाच्या मनातल्या विकारांचा.

आजच्या काळात या उत्तराचे मोल मोठे आहे. बाबासाहेबांच्या ग्रंथाचे नाव पुढे करून काही जण म्हणतात, ‘अ‍ॅनिहिलेशन’ हा हिंसक शब्द आहे, यांना अमुक जातीची माणसे संपवायची आहेत. त्यांना शांतपणे सांगावे की ग्रंथाच्या नावात ‘ऑफ कास्ट’ आहे, कोणत्याही माणसांचा उल्लेख नाही. संपवायची ती जात, आणि जात ही मनाची अवस्था आहे. आपल्याही पोस्टमध्ये, घोषणांमध्ये हे भान सुटता कामा नये. ज्या क्षणी आपण एखाद्या जातीच्या माणसांना संपवण्याची भाषा करतो, त्या क्षणी आपण जात संपवण्याचे काम सोडून जातच जिवंत ठेवतो.

जात शून्य झाल्यावर मागे पोकळीही राहत नाही. कण नाहीसे झाल्यावर ऊर्जा बाहेर पडते, तसे इथे काय यायला हवे ते बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांवर उभा असलेला समाज हा आदर्श त्यांनी याच भाषणात मांडला. ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतली नसून आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली, असे त्यांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केले.

“बौद्ध झालात, मग जातीचा दाखला कशाला?”

हा प्रश्न आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला कधी ना कधी विचारला जातो. आता त्याचे उत्तर या दोन शब्दांच्या आधारे देता येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेताना आपण आपल्यापुरती जात नाकारली. पण आपण नाकारली म्हणून ती समोरच्याच्या मनातून गेली नाही. दीक्षा घेतल्यावरही गावाने आपल्याला जुन्याच नावाने ओळखले आणि जुन्याच जागी ठेवले. हे वास्तव मान्य व्हायला कायद्यालाही वेळ लागला. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रीय स्तरावर अनुसूचित जातींच्या सवलती आणि संरक्षण मिळाले. त्यामुळे दाखल्यावरची जात आपली श्रद्धा सांगत नाही. समाजाने आपल्यावर काय लादले याची ती नोंद आहे. ‘अ‍ॅनिहिलेशन’ पूर्ण झाले की त्या नोंदीची गरज उरणार नाही. ते पूर्ण होण्याआधी नोंद पुसली तर फक्त पुरावा पुसला जातो.

पण हाच शब्द आपल्याला आरशापुढेही उभा करतो. आपल्यातल्या किती घरांत स्थळ पाहताना आजही सोमवंशी, लाडवण, बावणे अशी चौकशी होते? परिचय मेळाव्याच्या अर्जावर ‘बौद्ध’ लिहूनही पोटजात हळूच का विचारली जाते? बौद्ध झालेल्या मातंग किंवा चर्मकार कुटुंबात मुलगी द्यायची वेळ आली की आवाज का बदलतो? बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व माणसे समान मानण्याची आणि समता प्रस्थापित करण्याचा प्रयत्न करण्याची प्रतिज्ञा आपण घेतली. प्रतिज्ञेने आपण जात बंद केली. मनातून ती शून्य झाली का, याचे उत्तर आपण स्वतःलाच द्यायचे आहे. सरकार त्यासाठी येणार नाही.

लिहिताना आणि बोलताना

कार्यकर्त्यांच्या सोयीसाठी थोडक्यात नियम सांगतो.

अस्पृश्यता, वेठबिगारी, देवदासी प्रथा, वतन, किताब यांच्याबद्दल आणि कायद्याबद्दल लिहिताना ‘अ‍ॅबॉलिश’ वापरा. ‘आर्टिकल सेव्हन्टीन अ‍ॅबॉलिश्ड अनटचेबिलिटी’ हे वाक्य बरोबर आहे. त्यात ‘अनटचेबिलिटी’च्या जागी ‘कास्ट’ घातले की ते चुकते.

‘द कॉन्स्टिट्यूशन अ‍ॅनिहिलेटेड कास्ट’ असे लिहू नका. संविधानाने तसा दावा केलेला नाही, आणि आपण तो केला तर आपलीच आजची लढाई निरर्थक ठरते.

बाबासाहेबांच्या ग्रंथाचे नाव ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ असेच लिहा, बॅनरवर ते ‘अ‍ॅबॉलिशन ऑफ कास्ट’ करू नका.

पोलीस तक्रारीत मोठे शब्द नकोत. कोण, कुठे, केव्हा, कोणासमोर, काय बोलले, काय केले, हे लिहा. कायदा कृती पकडतो, म्हणून कृती नेमकी नोंदवा.

स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीत कुणी “जात कायद्याने संपली ना?” असे विचारले तर एवढेच सांगा : अस्पृश्यता कायद्याने बंद झाली आहे, जातीवरचा भेदभाव निषिद्ध आहे, आणि जात संपवण्याचे काम अजून चालू आहे.

शेवटी एक विनंती. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस’च्या पहिल्याच खंडात हे भाषण आहे. येत्या वर्षावासात विहारात आठवड्यातून एक दिवस ठरवा. एकाने मूळ इंग्रजी वाचावे, दुसऱ्याने मराठीत अर्थ सांगावा, तिसऱ्याने शंका विचारावी. शेजारी संविधानाची प्रत ठेवा. दोन्ही पुस्तके एकत्र वाचली की कळते, एका पुस्तकाने आपल्या हातात कायदा दिला आणि दुसऱ्याने कायदा जिथे थांबतो तिथून पुढचे काम आपल्यावर सोपवले.

जय भीम! नमो बुद्धाय!